सायलेन्सरचं गाठोडं

३ मार्च, रविवार. संध्याकाळ.

सगळ्यांत आधी पोहोचला तो आवाज. त्याच्या मागून वरच्या मजल्यावरची मास्तरीण, पायात दोन वेगवेगळ्या चपला, ‘आजीबाई, रस्ता खोदायला पुन्हा आले की काय’ म्हणून विचारायला. आणि तिच्या मागून माझा मुलगा आणि सूनबाई. मी मास्तरणीला म्हटलं, रस्ता नाही, लेक आलाय. मास्तरीण रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण अजून दुसऱ्याच्या घरात हजेरी घेते.

गाडीचा आवाज पेट्रोल पंपाच्या वळणावर आला की मी चहाचं आधण ठेवते. गाडी लावून, दोन जिने चढून तो दारात येईस्तोवर चहा कपात. अठरा वर्षांत कधी चुकलं नाही. हल्ली येणं कमी झालंय, पण त्यात चहाचा दोष नाही. मागच्या खेपेला आला त्याला अकरा महिने झाले. कसल्याशा कागदावर माझी सही हवी होती. कामाचा माणूस, घड्याळाला बांधलेला.

आज कागद नव्हता. बसल्याबसल्या म्हणाला, आई, गाडीचा मूळचा सायलेन्सर बाबांनी ठेवला होता ना, आहे का अजून. म्हणे गाडी पहिल्यासारखी करायची आहे, कंपनीतून निघाली तशी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आपल्या बापाची गाडी. इतक्या वर्षांनी उमगलं पोराला.

आहे म्हटलं, पण कुठे ते बघावं लागेल. सूनबाई म्हणाली, बघा ना आई, आत्ता बघितलंत तर बरं. मी पलंगाखालून पुढचा पाईप तेवढा काढून दिला. बाकीचं आठवेना. वय झालं.

पुढच्या रविवारी येतो म्हणाला. स्वतःहून म्हणाला.

प्रेशर घेतलं नाही. डॉक्टर म्हणाले रोज घ्या आणि वहीत लिहा, म्हणून तर नातीनं ही वही दिली. पण आनंदात प्रेशर घेऊ नये, आकडा उगाच वर जातो.

४ मार्च, सोमवार

गाडीचं लिहून ठेवते. लाल, दोन दारांची, इतकी बुटकी की रस्त्यावरची माणसं कमरेपासून खाली दिसतात. ह्यांनी ती तिसऱ्या हाताची घेतली, पण पहिल्या हाताच्या बायकोला लावला नाही एवढा जीव तिला लावला. मी तीत मोजून चार वेळा बसले. चारही वेळा म्हणाले, दार हळू लाव.

मुलगा बाविशीत असताना हे आठ दिवस कामाला परगावी गेले. ह्या पठ्ठ्यानं मागे मूळचा सायलेन्सर काढून तो डरकाळ्या फोडणारा पाईप बसवून घेतला. हे आले, एक महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. माझ्याशीही नाहीत, मी काय पाना घेऊन गेले होते? काढलेलं सगळं सामान मात्र पुसून, तेल लावून जुन्या ब्लँकेटात बांधलं आणि पलंगाखाली सारलं. म्हणाले, राहू दे, एक दिवस मागायला येईल. हे जाऊन नऊ वर्षं झाली. आला मागायला. हे असते तर म्हणाले असते, मी सांगितलं नव्हतं? म्हणून एका परीनं बरंच आहे.

दुपारी गाठोडं सोडलं. बाकीचं सगळं आहे. मधला छोटा डबा, मागचा मोठा डबा, चार रबरी कड्या, दोन लोखंडी पट्टे. गाठोडं फार जड होतं, म्हणून मी आपलं वेगवेगळं करून ठेवलं. मधला डबा कपाटामागे. मोठा डबा गॅलरीत बादल्यांच्या मागे. पट्टे धान्याच्या डब्यात. रबरी कड्या शिलाई मशीनच्या खणात. लपवलं नाही. सोयीनं ठेवलं.

ठरवलं: गाडी तयार झाली की पहिल्या दिवशी मी पुढे बसणार. पायांत कॅनव्हासचे बूट. पाठीला उशी.

६ मार्च, बुधवार

बुटक्या गाडीत बसायचं तर सराव हवा. न्हाणीघरातलं छोटं स्टूल मधल्या खोलीत आणून बसायला-उठायला लागले. बसणं उत्तम जमलं. उठणं शिकायचं राहिलं. पाऊण तास बसून होते, बसल्याबसल्या कपाटाखालची धूळ दिसली ती पुसली, म्हणजे वेळ वाया गेला नाही. शेवटी वर ऐकू जाईल अशी भिंत ठोकली. मास्तरीण आली, हात धरून उठवलं. स्टुलावर का बसला होता विचारलं. मी सांगितलं, मुलगा मला दर रविवारी फिरायला नेणार आहे. ती म्हणाली, असं म्हणाला तो? मी म्हटलं, सगळं बोलून दाखवावं लागत नाही, आईला कळतं.

प्रेशर १५०/९०. मास्तरणीमुळे.

१० मार्च, रविवार. रात्री आठ.

आवाज सव्वाअकराला वळणावर. आधण ठेवलं. दारात आले तेव्हा कप भरलेले.

या वेळी बरोबर एक दाढीवाला. मुलाचा मित्र असणार. कॅमेरा घेऊन. खाली गाडीचे फोटो काढत होता, मग पाठीवर पडून गाडीच्या खाली शिरला. माझा डॉक्टर मला तपासत नाही इतकं त्यानं त्या गाडीला तपासलं. वर येऊन चहा घेतला आणि मला गाडीबद्दल इतकं विचारलं, इतकं विचारलं, की अपघात झाला होता का, पाण्यात उभी होती का, पत्रा कधी बदलला का. मी सगळं सांगितलं. ह्यांचा स्वभाव, ह्यांचा दमा, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. तो गाडीचंच लिहून घेत होता. आजकाल कोण ऐकतं एवढं. आईवडिलांनी वळण चांगलं लावलंय. फोटो फ्रेम करून भिंतीवर लावायचे असतील मुलाला, मी ह्यांच्या फोटोशेजारी जागा बघून ठेवली आहे.

मुलानं मधला डबा मागितला. मी म्हटलं, शोधते. तो स्वतःच माळ्यावर चढला. त्याची जुनी सायकलची चेन सापडली, शाळेचं दप्तर सापडलं, एक वर्षाचा असतानाचा पाळणा सापडला. मी खालून शिडी धरून त्याच्याशी बोलत होते. लहानपणी जिना उतरताना कसा पडायचा ते सगळं सांगितलं. तो हं हं म्हणत होता. सूनबाई गॅलरीत फोनवर होती, बादल्यांच्या अगदी जवळ. माझा जीव खालीवर होत होता.

दोन तास वीस मिनिटं होता. मागच्या वर्षभरात मिळून एवढा नव्हता.

जायच्या वेळेला मला एकदम आठवलं की मधला डबा कपाटामागे आहे. माझी स्मरणशक्ती अशीच, जायच्या वेळेला येते. मुलगा म्हणाला, आई, मोठा डबा पण आठवून ठेव. आणि तो लवकर आठव. असं लाडानं बोलतो.

१४ मार्च, गुरुवार

मोठा डबा गॅलरीतून आत आणला. कळकट झालाय. पोराच्या हाती असा देणं बरं दिसत नाही. खिडकीच्या गजांना लावलेला चंदेरी ऑइलपेंट अर्धा डबा उरला होता. दोन हात दिले. वर एक शिक्का होता, काहीतरी नंबर खोदलेला, ओबडधोबड, तोसुद्धा पेंटनं छान सपाट झाला. आता आरशासारखा दिसतो.

मास्तरीण वासावरून आली. म्हणाली, सायलेन्सर तापतो ना आजीबाई, चालेल का पेंट. मी म्हटलं, भर उन्हात खिडकीचे गज तापतात, त्यांना काय झालं. शाळेत भूगोल शिकवायची. तिला गाडीतलं काय कळतं.

कॅनव्हासचे बूट आणले. निळे. दुकानदार म्हणाला, नातवाला का? मी म्हटलं, मला, स्पोर्ट्स कारला.

१७ मार्च, रविवार

मोठा डबा बघून मुलगा डोक्याला हात लावून बसला. भरून आलं असणार. मग म्हणाला, आई, हे काय केलंस. मी म्हटलं, त्यात काय, घरातलाच पेंट होता. सूनबाई म्हणाली, छान दिसतोय हो, लग्नातल्या पाण्याच्या पिंपासारखा. ती सहसा माझं कौतुक करत नाही. आज केलं.

पट्टेपण देऊन टाकले. धान्याच्या डब्यातून निघाले तेव्हा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, बाबांनी ह्यात ठेवले? मी म्हटलं, तुझ्या बाबांचं काही सांगता येतं का. गेलेला माणूस बरा, उलट बोलत नाही.

रबरांचं विचारलं. म्हटलं, शोधते. शोधते म्हणजे शोधतेच.

पन्नास मिनिटं होता. पण कसा, मनापासून.

१९ मार्च, मंगळवार. सकाळी.

मुलाचा फोन. मंगळवारी फोन म्हणजे केवढं अप्रूप. गॅरेजवाल्यानं रबरांऐवजी तात्पुरतं तारेनं बांधून सगळं बसवलं, गाडी चालू केली आणि पाच मिनिटांत असा धूर आणि असा घाण वास सुटला की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर पळाली. पेंट जळत होता. आता उतरवून, खरवडून पुन्हा बसवायचं. दाढीवाल्याला तो खोदलेला नंबर दिसायलाच हवा म्हणे, त्याशिवाय त्याला ते ओरिजिनल वाटत नाही.

मला हसू आलं. डब्याचा नंबर दिसायला हवा. माझा नंबर ह्याच्या फोनमध्ये आईच्या नावानं आहे की घरच्या, देव जाणे. असो. वाकडं बोलू नये, बिचाऱ्यानं फोन केला.

आणि एक प्रकारे बरंच झालं. काम लांबलं. काम लांबलं म्हणजे रविवार वाढले.

मास्तरीण विचारायला आली, वास घरी पण आला का. तिला कोणी सांगितलं कळत नाही. बहुतेक मीच.

२४ मार्च, रविवार

कान वळणाकडे. दहा वाजता एक मोटरसायकल. अकराला कचऱ्याची गाडी. तिच्यासाठी आधण ठेवलं गेलं, चूक झाली. बारा वाजता त्याच पाण्याचा चहा करून मास्तरणीला पाजला.

कोणी आलं नाही. पेंट खरवडायला वेळ लागतो. मी दोन हात दिले होते, एकच दिला असता तर आले असते. पुढच्या वेळी लक्षात ठेवायचं.

मास्तरीण चहा पिता पिता म्हणाली, गरज सरो, वैद्य मरो. मी म्हटलं, मी वैद्य नाही आणि मरतही नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिचा मुलगा परदेशातून दर शुक्रवारी फोनवर तोंड दाखवतो, तेवढ्यावर हिची मिजास. माझा प्रत्यक्ष येतो. यायचा. येईल.

बूट पायांत घालून बसले होते. टाचेला चावतात.

२८ मार्च, गुरुवार

गॅरेजवाला स्वतः आला. ह्यांच्या वेळचा माणूस, आता त्याचेही केस पांढरे. मला अजून वहिनी म्हणतो. जिना चढून आला, दम खात बसला, म्हणाला, वहिनी, डबा घासून घासून हाताची सालं गेली, पण नंबर काढला. आता तेवढी रबरं द्या. सायलेन्सर त्या चार रबरांवर लोंबकळतो. एक जरी कमी असलं तरी तिसऱ्या खड्ड्याला डबा रस्त्यावर.

मी आत गेले आणि तीन रबरं आणून दिली. चौथं सापडेना म्हटलं.

तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, वहिनी, साहेबांनी चारच्या चार बांधून ठेवली असणार, तीन ठेवणारा माणूस नव्हे तो. मी म्हटलं, उंदीर. म्हणाला, रबर खाणारा उंदीर? मी म्हटलं, आमच्या इमारतीत असतात.

मग तो हळूच म्हणाला, वहिनी, दाढीवाल्याला तुमच्या पोरानं काही बोलून ठेवलंय, बरं का, तो घाई करतोय. तुम्हाला सांगितलं नाही का त्यानं? मी म्हटलं, मला सगळं सांगतो तो, फोटो लावायची जागासुद्धा मी काढून ठेवलीय. गॅरेजवाला चहा पूर्ण न पिताच उठला. माणूस थकलाय. विसराळूही झालाय, जाताना माझ्या पाया पडला. एरवी कधी पडत नाही.

चौथं रबर खणातच आहे. मी ते बटणांच्या डबीत नीट ठेवलं. आता मुलाला स्वतः यावंच लागेल. सगळी गाडी माझ्या बटणांच्या डबीवर अडकली आहे. ह्यांना पन्नास वर्षांत जे जमलं नाही.

३१ मार्च, रविवार

आले नाहीत. पण यावं लागणारच आहे.

स्टूल बसून-उठून तीन वेळा. तिसऱ्यांदा पलंगाला धरून उठले. प्रगती आहे. उशीला नवा अभ्रा शिवला, लाल, गाडीला मॅचिंग. शिवताना त्या खणात बटणांची डबी समोरच होती.

प्रेशर १६०/१००. यंत्र जुनं आहे.

७ एप्रिल, रविवार. दुपारी चार.

दाराची बेल वाजली. मला वाटलं, मास्तरीण. हातात फडकं तसंच घेऊन दार उघडलं तर मुलगा आणि सूनबाई.

मी म्हटलं, अरे, आवाज कसा नाही आला. मुलगा हसला, म्हणाला, तेच तर काम होतं, आई. गाडी वळणावर आली, फाटकात आली, उभी राहिली, मला पत्ता नाही. आधण नाही, कप नाही, केस नाही विंचरलेले. मी गॅसकडे धावले तर सूनबाई म्हणाली, राहू द्या आई, खाली माणूस थांबलाय.

अठरा वर्षांत पहिल्यांदा चहाशिवाय.

मी डबीतून रबर काढलं आणि मुलाच्या हातात ठेवलं. म्हटलं, हे घे, सापडलं एकदाचं, आता टांगा तुमचा डबा. तो रबराकडे बघून म्हणाला, हे? अगं, हे कुठल्याही दुकानात मिळतं. गॅरेजवाल्यानं त्याच दिवशी चारही नवीन टाकली. जुनी काय वापरायची. आणि परत माझ्या हातात दिलं.

उशी घेतली, बूट घातले, खाली गेले. लाल गाडी उभी, पुसलेली, चकचकीत. चालू होती आणि मांजरासारखी गुरगुरत होती, बस. ह्यांच्या वेळी अशीच असायची. खरं सांगायचं तर मी विसरले होते. ड्रायव्हरच्या जागी दाढीवाला. तिच्यामागे मुलाची नवी गाडी, उंच, पांढरी, बॅटरीवरची. ती तर जन्मतःच मुकी आहे. दोघं तीत आले होते.

दाढीवाला उतरला, मला वाकून नमस्कार केला. म्हणाला, आजी, काळजी करू नका, माझ्याकडे नीट राहील ती. रोज पुसीन. मी म्हटलं, म्हणजे तुमच्याकडे पार्क करणार का? तो मुलाकडे बघायला लागला. मुलगा फोन बघायला लागला. सूनबाई म्हणाली, आई, आमच्याकडे दोन गाड्यांना जागा कुठे आहे, आणि तो आवाज असताना कोणी घेत नव्हतं, म्हणून तर एवढा खटाटोप.

बरं, म्हटलं. बरं झालं. गाडी काय, वस्तू आहे.

दाढीवाल्यानं माझी उशी बघितली आणि बूट बघितले, आणि पुढचं दार उघडून धरलं. बसा आजी, एक चक्कर. मी एका दमात बसले. सराव कामी आला. त्यानं मला पेट्रोल पंपाच्या वळणापर्यंत नेलं आणि आणलं. पाचवी वेळ. वाटेत एकही माणूस वळून बघत नव्हता. पोचल्यावर मी म्हटलं, दार हळू लावा हं. उठवायला मात्र दोघं लागले. मुलगा नव्हता त्यात, त्याला फोन आला होता.

मास्तरीण गॅलरीतून बघत होती. मी हात हलवला, राणीसारखा.

८ एप्रिल, सोमवार

प्रेशर १४०/८५. कमी आलं. बहुतेक यंत्र बिघडलंय.

मास्तरणीनं विचारलं, गाडी दिली का हो. मी म्हटलं, दिली कसली, चांगल्या घरी गेली. तिनं स्वतःच माझ्या ओट्यावर चहा केला. फार गोड झाला. पाजायला आली की बोलणं कमी करते, तेवढा गुण आहे.

ब्लँकेट धुऊन वाळत घातलं. पलंगाखाली झाडून घेतलं. रबर बटणांच्या डबीत ठेवलं, बरणीच्या झाकणाला वगैरे लागतं.

गाठोड्यात आता काही उरलं नाही. कपाटामागे नाही, धान्यात नाही, गॅलरीत नाही. त्यांना लागेल असं घरात काही म्हणता काही नाही. म्हणजे या वेळी येतील ते नुसते मला भेटायलाच येतील.

काल जाताना म्हणाला, पुढच्या रविवारी नाही जमणार आई, त्याच्या पुढच्या. कोपऱ्यावर आलो की फोन करतो, चहा टाक.

पानं उलटून लिहून ठेवलं आहे. २१ एप्रिल, रविवार.